सवडीचं तिकीट

उत्तर ध्रुवाजवळ जमिनीत बिळं करून राहणारी एक खार आहे. ती वर्षातले सात-आठ महिने झोपते. त्या काळात तिच्या अंगाचं तापमान पाणी गोठतं त्याच्याही खाली जातं. ती मरत नाही.

*

डिंक अर्धा किलो. अळीव. खारीक. बाळंतशोपा. वावडिंग. जुनी सुती लुगडी, दोनदा धुऊन, उन्हात वाळवून. नवीन कापड नको.

*

"श्रवणबेळगोळला पोचलो. पहाटे थंडी असते. आईनं मौन धरलंय, म्हणून फोन नको करूस. पायऱ्या चढताना जप. – आत्या"

*

ओळखीच्या आवाजात, परक्या नंबरवरून, घाई करत कुणी पैसे किंवा संमती मागितली तर आधी घरची खूण विचारा. खूण सांगता आली नाही तर फोन बंद करा. दया दाखवू नका.

*

पिवळ्या डब्यात काय होतं?

*

डाव्या कानात दोन थेंब, दिवसातून तीन वेळा.

*

झोपलेल्या माणसाला व्हिसा लागत नाही.

*

ऑक्टोबरातली संध्याकाळ. जयसिंगपूरच्या घरात दोघी बायका दिवस मावळायच्या आत जेवून घेत होत्या. सन्मती मगदूम, बावन्न वर्षांची, कॉलेजातल्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक. लग्न केलं नव्हतं. तिच्यासमोर तिची वहिनी त्रिशला, सत्तावन्न. अकरा वर्षं अंथरुणावरच्या सासूचं केलेलं, नंतर चार वर्षं नवऱ्याचं. आता घरात दोघीच.

"वहिनी, परदेशात जाऊया?"

"आधी भाजी वाढ."

"खरंच विचारतेय. चार दिवस. ओमानला, सलालाहला."

"विमानात बसायला आपण कोण मोठे लागून गेलो?"

विमानाचं आता कुणी बोलतच नसे. प्रत्येक उड्डाणावर धुराचा कर बसायला लागल्यापासून एका माणसाच्या जाण्यायेण्यात सन्मतीचा आठ महिन्यांचा पगार गेला असता. लोक विमानाकडे मान वर करून बघत आणि कोण असेल त्यात, असं एकमेकांना विचारत.

"विमान नाही. मालवाहू जहाज. जयगडहून सुटतं. जाताना सहा दिवस झोपायचं, येताना सहा दिवस. मधले चार दिवस फिरायचं. कुलू-मनालीला जेवढे लागतील तेवढ्यात."

त्रिशलानं हातातला घास ताटात ठेवला. "झोपायचं म्हणजे ते खणात घालतात ते?"

"होय की. खणच म्हणतात. कपड्याच्या कपाटाला असतो तसा. आपण झोपलो की जेवण नको, पाणी नको, बाथरूम नको. म्हणून तर स्वस्त."

"अन्विताला कळलं तर?"

अन्विता त्रिशलाची एकुलती मुलगी, बेळगावात दिलेली. सहावा महिना संपत आला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे वीस डिसेंबरला ती यायची होती आणि जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यातली तारीख होती.

"म्हणून तर आत्ता जायचं," सन्मती म्हणाली. "एक डिसेंबरला निघू, सतराला परत. ती यायच्या आत तीन दिवस हातात. नंतर दोन वर्षं तुम्ही बाळाच्या मागं."

"नववा महिना लागतोय आणि आई समुद्रावर फिरायला गेली. सासूबाई तिच्या बोलणार नाहीत काही. त्यांचा चेहरा बोलेल."

"सांगायचंच कशाला? श्रवणबेळगोळ, हुंबुज, मूडबिद्री. सोळा दिवसांची यात्रा. आणि तुमचं मौन."

त्रिशला हसली. बऱ्याच दिवसांनी हसली म्हणून सन्मतीनं तेवढ्यावरच होकार समजून घेतला.

"देवाच्या नावानं थाप मारायची होय गं?"

"आल्यावर खरंच जाऊ की. आणि शेजारी कुसुमताईंना तर मुळीच सांगू नका. त्यांचा भाचा मस्कतला. कळलं तर चार किलो भडंग आणि लोणच्याची बरणी आपल्या गळ्यात."

*

सन्मतीचं नियोजन पक्कं असे. प्रयोगशाळेत तिच्या काचेच्या नळ्या आकारानुसार उभ्या असत. तिनं मोबाईलवर अठ्ठावीस संदेश लिहून ठेवले, प्रत्येकाला तारीख-वेळ लावली, सात वर्षांपूर्वीच्या खऱ्या यात्रेतले फोटो जोडले. दोघी खणात झोपलेल्या असताना हे संदेश आपोआप अन्विताला जाणार होते. शेवटचा सतरा तारखेला संध्याकाळी पाचला: "मूडबिद्रीहून निघालो. उद्या सकाळी घरी."

अर्ज 'निवांत जलवाहतूक' नावाच्या कंपनीचा होता. तातडीचा संपर्क या रकान्यात तिनं स्वतःसाठी त्रिशलाचं नाव लिहिलं आणि त्रिशलासाठी स्वतःचं. दवाखान्यात, बँकेत, गॅसच्या कार्डावर, गेली नऊ वर्षं त्या असंच लिहीत होत्या.

पुढं एक प्रश्न होता: परतीची ठराविक तारीख हवी का? असल्यास कारण लिहा, पुरावा जोडा. पुरावा म्हणजे अन्विताच्या डॉक्टरांचा कागद. तो मागायचा तर सगळंच सांगावं लागलं असतं. तो रकाना रिकामा ठेवला की तिकिटाचा प्रकार आपोआप बदलत होता. 'सवडीचं.' जहाजात जागा असेल त्याप्रमाणे परत.

सन्मतीनं प्रवाशांची परीक्षणं वाचली. चारशे बारा होती. उशीर झाला असं एकानंही लिहिलं नव्हतं. ती लिहिणारे सगळे परत आलेले होते, हे तिच्या लक्षात आलं नाही.

*

जयगड आणि सलालाह जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. नकाशावर पट्टी ठेवली तर मध्ये दोन हजार किलोमीटर निळं पाणी, आणि रेघ सरळ.

बंदरावरच्या लांब खोलीत एका डॉक्टरीणबाईंनी वीस प्रवाशांना समजावून सांगितलं. मेंदूच्या तळाशी, डोळ्यांच्या मागे, शेंगदाण्याहून लहान असा एक भाग आहे. अंग किती गरम ठेवायचं ते तो ठरवतो. सोनोग्राफीत वापरतात तसाच, कानाला ऐकू न येणारा ध्वनी दोन्ही बाजूंनी तिथं नेमका सोडला तर तो भाग अंगाची शेगडी मंद करतो. तापमान चोवीस अंशांवर येतं. हृदय मिनिटाला सहा ठोके टाकतं. शरीराला वाटतं, हिवाळा आला.

"माणसाला हे कुणी शिकवलेलं नाही," त्या म्हणाल्या. "आत होतंच. फक्त बटण सापडलं."

"आणि म्हातारपण?" कुणीतरी विचारलं.

"तेही थांबतं. जवळपास. आपल्या वीस दिवसांत झोपलेल्याचा एक दिवस जातो."

लोकांना ते ऐकून बरं वाटलं. सन्मतीला उलट प्रश्न पडला. "मग धोका कशात आहे?"

"जागं होण्यात. ध्रुवाजवळ एक खार अशीच झोपते. तिची हिवाळ्यातली बहुतेक चरबी झोपेत जळत नाही, मधूनमधून जागं होण्यात जळते. थंड हृदय एकदम पळायला लागतं. म्हणून एकदा झोपवलं की मुक्कामाशिवाय उठवत नाही. कुणीही सांगितलं तरी."

त्रिशलानं सन्मतीचा हात धरला होता.

*

सलालाहला जाग आली तेव्हा पहिला वास धुपाचा. त्या गावात धुपाचा डिंक झाडांतून पाझरतो. रस्त्याच्या कडेला शहाळी आणि पपया मांडलेल्या.

"एवढं झोपून आलो आणि बघायचे काय, नारळ," त्रिशला म्हणाली. पण ती तीन शहाळी प्यायली.

चार दिवसांत सन्मतीनं वहिनीतलं एक नवं माणूस पाहिलं. ते बाजारात घासाघीस करत होतं, खुणांनी. दुपारी चक्क झोपत होतं, कुणाच्या औषधाची वेळ न बघता. चौथ्या दिवशी त्या किनाऱ्यावर गेल्या. खडकांना भोकं होती आणि लाट आली की त्यातून पाण्याचा खांब उसळायचा. त्रिशला चपला काढून थेट त्या भोकाशी जाऊन उभी राहिली.

"वहिनी, मागं या."

"तू पुढं ये. पंधरा वर्षं मी दुसऱ्यांच्या अंघोळी घातल्या. आज मला कुणीतरी घालू दे."

खांब उसळला. दोघी नखशिखांत भिजल्या. सन्मतीच्या डाव्या कानात पाणी गेलं. ती एका पायावर उड्या मारत मान झटकत होती आणि त्रिशला पोट धरून हसत होती.

"सन्मती," परतताना त्रिशला म्हणाली, "नातवंड जरा मोठं झालं की त्यालाही आणूया. अन्वितालाही. तेव्हा खरं सांगून."

*

अकरा डिसेंबर. बंदरातल्या खिडकीवर साळवी नावाचा माणूस होता, मूळचा गुहागरचा. कागदपत्रं बघून तो म्हणाला, "वयानं मोठे आधी."

त्रिशला खणाच्या फळीवर पडली. "उठले की पहिला फोन मीच करणार अन्विताला. मौन सुटलं म्हणून. तू मध्ये बोलायचं नाहीस."

"नाही बोलत. डोळे मिटा."

डोक्यावर टोप बसला. काही ऐकू आलं नाही. पाच मिनिटांत त्रिशलाची बोटं सैल झाली आणि खण भिंतीत सरकला. वर आकडा होता, चारशे सतरा.

मग सन्मतीच्या कानात दिवा घालून बघितलं गेलं. पडद्यापाशी पाणी साठून सूज आली होती. त्यातून ध्वनी भरकटतो, नको तिथं जातो. आठवडाभर थेंब घालायचे, मग बघू.

"मग वहिनींना उठवा. आम्ही बरोबरच जाऊ."

"ताई, आत्ताच झोपल्यात. आता जयगडलाच. तुम्ही मागच्या जहाजानं या, काळजीचं काय त्यात?"

सन्मतीलाही ते पटलं. त्रिशला सतराला पोचेल, अन्विता वीसला येईल. आपण थोडं उशिरा. तिनं बंदराजवळ एक खोली घेतली.

*

तेरा तारखेला थेंबांची दुसरी बाटली आणायला ती गेली, तेव्हा सहज विचारलं, "जहाज व्यवस्थित गेलं ना?"

"गेलं की. परवाच रात्री."

"मग वहिनी आता वाटेवर असतील."

साळवीनं पडद्यावर बघितलं. मग तिच्याकडे बघितलं नाही. "चारशे सतरा इथंच आहे, ताई. खजूर जास्त आला या खेपेला. खजूर थांबत नाही."

तिनं त्याला गोदाम दाखवायला लावलं. पत्र्याची उंच शेड, आत हॉस्पिटलसारखा गारवा. दोन्ही बाजूंना खण, छतापर्यंत. प्रत्येकावर हिरवा दिवा, दहा सेकंदांनी एकदा मिणमिणणारा. ठोक्यागणिक एक. पुढच्या रांगा मोकळ्या होत्या. मागच्या भरलेल्या. खालच्या एका खणावर कुणीतरी मिठाईचा खोका चिकटपट्टीनं बांधला होता. त्याच्यावर 'शुभ दीपावली' लिहिलेलं. कुठल्या वर्षीची ते लिहिलेलं नव्हतं.

"हे कधीपासून आहेत?"

"कायद्यानं झोपेतला वेळ मोजत नाहीत," साळवी म्हणाला. "प्रवाशाचं वय वाढलं नाही, त्याला भूक लागली नाही, त्याला काही कळलं नाही. म्हणजे त्याचं काही गेलं नाही. मग उशीर कुणाला झाला? कंपनी एक खटला जिंकली त्यावर. तेव्हापासून माल आधी."

"आणि बाहेरच्यांचं? वाट बघणाऱ्यांचं?"

"त्यांनी हरकत घ्यायची. हरकत आली की लगेच पुढच्या जहाजात. नियम आहे तसा, आणि कंपनी पाळते. फक्त हरकत नोंदलेल्या संपर्कानंच घ्यायची. आणि तो जागा पाहिजे." तो मागच्या रांगेकडे बघत राहिला. "परदेशी लोक कुणाचंही नाव लिहितात. वकिलाचं, शेजाऱ्याचं. आपल्याकडचा नवरा बायकोचं लिहितो, बायको नवऱ्याचं. आणि दोघंही इथं. आम्ही त्याला जोडी म्हणतो. जोडी आली की मागं लावायची."

सन्मती शेडच्या मध्यावर उभी होती. तिच्या दुखऱ्या कानात सूं आवाज येत होता. त्या कानामुळे ती उभी होती, नाहीतर चारशे अठरामध्ये असती.

"मी जागी आहे," ती म्हणाली. "हरकत लिहून घ्या."

*

हरकत नोंदली गेली. पुढचं जहाज अठरा डिसेंबरच्या सकाळचं होतं. त्रिशलाचा खण पहिल्या रांगेत आला. सन्मतीनं त्या रात्री पोटभर झोप घेतली.

चौदा तारखेला साळवीनं तिला बोलावून घेतलं. "ताई, तुमचा व्हिसा सतराला संध्याकाळी पाचपर्यंतच आहे."

"वाढवून मिळेल."

"या तिकिटावर नाही. सतराला पाचला तुम्हाला झोपावं लागेल. कान सुकतोय तुमचा, जमेल. पण माल अठराला सकाळी चढतो. त्या वेळी हरकत घेणारा झोपलेला असेल तर हरकत रद्द होते."

"आणि मी नाही झोपले तर?"

"पोलीस नेतात. आणि ते इथंच आणून सोडतात. माणूस परत पाठवायचा सगळ्यात स्वस्त मार्ग हाच आहे."

"म्हणजे आमची जोडी होईल."

साळवीनं मान हलवली. "दुसरा संपर्क घालता येतो. भारतातला कुणीही, जागा असलेला. त्याच्या मोबाईलवर संदेश जाईल, त्यानं 'संमती' दाबायचं. बस, एवढंच."

"तुम्हीच व्हा की."

"कर्मचाऱ्याला नाही चालत. गेल्या वर्षी मी एकांच्या घरी फोन केला होता, आपणहून. त्यांनी माझीच तक्रार केली. परदेशातून फोन, घाईत, संमती मागणारा. काय समजणार लोक?"

*

दोघींचे मोबाईल जयगडच्या बंदरावर जमा होते, म्हणून पंधरा तारखेला तिनं इथल्या नंबरवरून कुसुमताईंना फोन लावला. कुसुमताईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आवाज छान काढलाय बाई. पण सन्मती खोटं बोलणारी नाही. ती यात्रेला गेलीय, मला सांगून गेलीय." आणि फोन ठेवला.

सोळाला प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यानं पहिल्याच वाक्याला नंबर बंद केला.

राहिली अन्विता. सन्मती दोन दिवस तिला टाळत होती. आठवा महिना भरलेला, रक्तदाब वर-खाली. आणि त्रिशलाला शब्द दिलेला. तिनं मनात वाक्यं जुळवली, मोडली. सतराला दुपारी पावणेचारपर्यंत जुळवत राहिली.

*

"अन्विता, आत्या बोलतेय."

"आत्या? अगं हा नंबर कुठला?"

"नीट ऐक, घाबरू नकोस. मी मूडबिद्रीला नाही. आम्ही ओमानला आलोय, सलालाहला. आई माझ्याबरोबर आहे. ती बरी आहे. झोपलीय."

"आईला दे."

"देता येत नाही. ती जहाजाच्या झोपेत आहे. तुला एक संदेश येईल, त्यावर संमती दाब. तुमच्या साडेसहाच्या आत. बाकीचं सगळं, तुला जे बोलायचंय ते, मी आल्यावर ऐकून घेते."

पलीकडून पुरुषाचा आवाज आला, जावयाचा. कोण आहे, असं विचारणारा. अन्विता त्याला म्हणाली, "कुणीतरी आत्याचा आवाज काढलाय. अगदी तस्साच."

"मीच आहे गं."

"माझ्या आत्याचा मेसेज आत्ता पंधरा मिनिटांपूर्वी आलाय. मूडबिद्रीहून. फोटोसकट. उद्या सकाळी त्या दोघी घरी पोचतायत."

सन्मतीनं खिडकीची चौकट धरली. इथले साडेतीन, तिकडचे पाच. अठ्ठाविसावा संदेश. "तो मी लावून ठेवलेला होता. महिन्यापूर्वी. सगळेच मी लावलेत. फोटो बघ, सात वर्षांपूर्वीचा आहे, आईच्या हातात अजून त्या जाड बांगड्या आहेत बघ."

सन्मतीला वाटलं, ती फोटो बघतेय. खरंच बघत असावी. मग अन्विताचा आवाज आला, आधीपेक्षा हळू.

"खूण सांगा."

'सांग' म्हणाली नाही.

"कसली खूण?"

"पिवळ्या डब्यात काय होतं?"

दोन वर्षांपूर्वी अन्विता माहेरी आली होती तेव्हा मायलेकींनी ती खूण ठरवली होती, स्वयंपाकघरात, दार लोटून. सन्मती चहा घ्यायला आत गेली तेव्हा दोघी गप्प झाल्या. थांब आत्या, तुलाही सांगते, असं अन्विता म्हणाली होती. सन्मतीनं हात झटकला होता. "मला नका सांगू. मी विसरेन. तुमच्या दोघींतलीच राहू दे."

डबा तिला आत्ता स्वच्छ दिसत होता. कपाटाच्या वर, डाव्या कोपऱ्यात, झाकणाच्या कडेला गंज. दर रविवारी ती तो उचलून खालची धूळ पुसत होती. उचलला की आत काहीतरी वाजायचं. काय वाजतंय ते तिनं कधी बघितलं नव्हतं.

"खडीसाखर," ती म्हणाली.

अन्वितानं लांब श्वास सोडला. सुटल्यासारखा.

"असले धंदे करता," ती म्हणाली, "तुमच्या घरी आई नाही का हो?"

आवाज गेला. सन्मतीनं पुन्हा लावला. नंबर बंद केलेला होता. साळवीच्या खिडकीवरून लावला, तोही पाच मिनिटांत बंद झाला. संमतीचा संदेश गेला होता. त्याच्यासमोर लाल अक्षरांत उत्तर आलं होतं: फसवणूक म्हणून नोंदवला.

*

पाच वाजायला दहा मिनिटं. कान कोरडा होता.

"साळवी, अठ्ठेचाळीस तास थांबवता येईल का? ते लोक उद्या घरी वाट बघतील. आम्ही आलो नाही की त्यांच्या लक्षात येईल. तेव्हा तिला तो फोन आठवेल."

"आठवेल," साळवी म्हणाला. "पण तोवर तिनं इथं विचारलं तर आम्ही काही सांगू शकत नाही, ताई. कोण झोपलंय ते फक्त नोंदलेल्या संपर्कालाच सांगायचं."

"म्हणजे वहिनींबद्दल मला. आणि माझ्याबद्दल वहिनींना."

"हं."

ती चारशे अठराच्या फळीवर पडली. टोप गार होता. तिनं डोकं वळवून भिंतीकडे बघितलं. पलीकडे हाताच्या अंतरावर त्रिशला होती. अजून अकरा तारखेतच, हसून दमलेली, उठल्यावर करायच्या फोनची वाट बघत.

"मला काही कळणार नाही ना?"

"काही नाही. डोळे मिटले आणि उघडले, एवढंच."

"तेच," सन्मती म्हणाली.

फळी सरकल्यावर साळवीनं पडद्यावर दोन आकडे एकमेकांना जोडले. पहिल्या रांगेतला चारशे सतरा खाली आला. दोन्ही खण मागं गेले.

*

बेळगाव, सव्वीस डिसेंबर. तक्रारदार: अन्विता सौरभ पाटील. हरवलेल्या व्यक्ती: आई आणि आत्या. श्रवणबेळगोळ, हुंबुज, मूडबिद्री इथल्या धर्मशाळांत चौकशी केली, नोंद नाही. विमानतळांच्या याद्या पाहिल्या, नावं नाहीत. सतरा तारखेला खंडणीसदृश फोन आला होता. तक्रारदाराच्या मते आवाज आत्याचा होता. अधिकाऱ्यांनी समजावलं की आवाज नेहमीच तसा असतो. जहाज कंपनीला पत्र पाठवलं. उत्तर: माहिती केवळ नोंदणीकृत संपर्कास देता येईल.

*

मुलगी झाली, नऊ जानेवारीला, बेळगावातच. जुनी लुगडी जयसिंगपूरच्या बंद घरात धुऊन, घड्या घालून ठेवलेली होती. तिथून कुणी आणली नाहीत. मुलीला नव्या कापडात गुंडाळलं.

ती यंदा पहिलीत गेली.

*

पिवळ्या डब्यात बटणं होती.